चांदोबा पळाला की दमला?

सदर : घरातली शाळा



मागच्या अंकात मुलांच्या डब्याविषयी लिहिले होते. या वेळी पालेभाज्यांवर लिहायचे ठरले होते, पण ते पुढच्या महिन्यावर ढकलते. आमच्याच घरात एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय दुसरे काही सुचेना.

आमचा धाकटा नातू गेल्या जूनपासून बालवाडीत जातो. वय साडेतीन. घरात दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू असतो. दादा अब्बांच्या चष्म्यापासून कोपऱ्यावरच्या बकरीपर्यंत एकही विषय सुटत नाही. दिवाळीच्या सुटीच्या आधी त्याच्या बाईंनी सूनबाईला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा वर्गात एक अक्षर बोलत नाही. त्याला मराठी येतच नाही. घरी मराठीत बोलत चला, नाहीतर दुसरीकडे घालण्याचा विचार करा."

सून घरी आली ती डोळे पुसतच. संध्याकाळी बैठक बसली. मुलगा म्हणाला, सरळ इंग्रजी माध्यमात घालू, कटकटच नको. यांचे म्हणणे, उर्दू शाळेत घाला, आपल्या मुलांत रमेल. सून म्हणाली, "अम्मी, आजपासून घरात दखनी बंद. सगळ्यांनी मराठीच बोलायचं." मी गप्प होते. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवली आणि माझ्याच नातवाला मराठी येत नाही म्हणून घरी निरोप येतो! शरम वाटली, खोटे कशाला सांगू.

रात्री त्याला कुशीत घेऊन हळूहळू विचारले. आधी काही बोलेना. मग जे बाहेर आले ते ऐकून हसावे की रडावे ते कळेना. वर्गात चांदोबाचे गाणे चालले होते. तेच आपले जुने गाणे, ज्यात मुले चंद्राला विचारतात की बाबा रे, तू भागलास की काय, आणि झाडामागे का लपलास. बाई म्हणाल्या, चांदोबा कसा भागला ते करून दाखवा. बाकीच्या मुलांनी माना टाकल्या, डोळे मिटले, जांभया दिल्या. आमचे छोटे मियाँ उठले आणि वर्गातून धूम ठोकली ती थेट दारापर्यंत. सगळा वर्ग खो खो हसला. बाईंना वाटले, पोरगे वांड आहे. त्यांनी दंड धरून त्याला कोपऱ्यात बसवले. त्या दिवसापासून तोंड बंद.

मला म्हणाला, "चांद भाग्या ना दादी, इसलिए तो झाड के पिच्छे छुप्या."

आता तुम्हीच सांगा, यात चुकले काय? आपल्या बोलीत भागना म्हणजे पळणे. जो पळतो तोच लपतो. दमलेला माणूस झाडामागे कशाला लपेल, तो झाडाखाली आडवा होईल! त्याने गाण्यातला प्रश्न नीट ऐकला, त्याचा अर्थ लावला, पुढच्या ओळीशी जोडला आणि करूनही दाखवला. चार वर्षांच्या आतल्या मुलाने याहून जास्त काय करायचे? फक्त त्याच्याजवळ जो शब्द होता तो मराठीतल्या शब्दाचा जुळा भाऊ निघाला. तोंडावळा तोच, माणूस वेगळा.

असे जुळे आपल्या घरांत किती आहेत, ते मी त्या रात्री मोजत बसले. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. राग म्हणजे मराठीत संताप, तिकडे गाण्यातला राग. चेष्टा मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. चांदणी म्हणजे मराठीत आकाशातली तारका, आणि चंद्राच्या प्रकाशाला म्हणायचे चांदणे. उर्दूत चांदनी म्हणजे तो प्रकाशच. सर्वांत गोड गंमत 'आई' शब्दाची. आपल्या घरात 'अम्मा आई' म्हटले की अम्मा आली. शाळेत 'आई' म्हणजेच अम्मा. सेवेत असताना पहिलीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "बाई, पुस्तकात सारखं आई आई लिवलंय, पण कोण आई ते लिवलंच नाही." तेव्हा मी हसून सोडून दिले होते. आज वाटते, त्या दिवशी थांबायला हवे होते.

नोकरीची पहिली सहा वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात होते. तिथल्या मुस्लिम मुलांना हा त्रास फारसा नसे, कारण त्यांची घरची कोकणी बोली ही मराठीची सख्खी बहीण. भागणे, लपणे, रुसणे हे शब्द मुले घरूनच घेऊन येत. बदली होऊन मी सोलापूर जिल्ह्यात आले आणि दखनी बोलणारी मुले समोर बसली. तेच गाणे, तेच हावभाव, पण या मुलांच्या डोळ्यांत एक क्षण धुके येई. मी समजे, लक्ष नाही. लक्ष होते, शब्द नव्हता.

तेव्हा बैठकीत मी शेवटी तोंड उघडले. म्हटले, शाळा बदलायची नाही आणि घरातली भाषाही बंद करायची नाही. मला दोन महिने द्या. त्याच गाण्याने तोंड बंद झाले आहे ना, तेच गाणे घेऊन बसते.

दखनी बंद करण्याला माझा इतका विरोध का, ते आधी सांगते. मुलाजवळ कल्पना असते, तिला घरच्या भाषेत नाव असते. थकना म्हणजे काय, हे त्याला अंगाने ठाऊक आहे. त्यावर 'दमणे', 'भागणे' अशी नवी नावे चिकटवायची, एवढेच काम. घरची भाषा काढून घेतली तर चिकटवणार कशावर? शिवाय घरातल्या मोठ्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचे ठरवले की बोलणेच कमी होते. "जेव", "झोप", "चल", "नको" यापलीकडे गाडी जात नाही. आणि आपली दखनी काही मराठीला परकी नाही. आपण येता-जाता 'नक्को' म्हणतो, तो मराठीचा 'नको' आहे. 'मैंच', 'येइच', 'कलच' असा शब्दाच्या शेपटाला जो 'च' लावतो, तोही मराठीचाच. पाचशे वर्षांचा शेजार आहे हा.

या शेजाराची एक गोष्ट जाता जाता सांगते. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. बायकांनी दळताना, सूत कातताना म्हणायची ही गाणी. रिचर्ड ईटन या इतिहासकारांनी १९७८ साली आलेल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात त्यांची सविस्तर दखल घेतली आहे. इकडे मराठी बाया त्याच जात्यावर ओव्या म्हणत होत्या. जाते तेच, हात तसेच. आणि मांडीवर त्या जात्याच्या तालाने झोपी जाणारे मूल दोन्हीकडे शब्द गोळा करत होते. त्यामुळे गाण्यातून भाषा शिकवणे ही काही आजच्या पुस्तकांतली नवी युक्ती नव्हे.

नव्या अभ्यासकांनीही यावर काम केले आहे. इंग्लंडमध्ये पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा सव्वातीन वर्षांच्या वयापासून सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. लहानपणी ज्यांना बालगीते जास्त येत होती, त्यांना पुढे शब्दांतले सारखे-वेगळे आवाज चांगले ओळखू येऊ लागले आणि वाचनही सोपे गेले. बुद्धी आणि घरची परिस्थिती यांचा हिशोब केल्यावरही हा फरक उरला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यातही गाणी होती आणि पाने, खडे, शिंपले अशा मुलांच्या रोजच्या वस्तू होत्या. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याची त्यांची कल्पना होती. आमचे अंगण तर आता फरशीचे दहा बाय आठ. पण चालते.

आता आम्ही काय केले ते सांगते. नेमके वेळापत्रक नव्हते, आठवले तसे करत गेलो.

पहिले तीन-चार दिवस नुसते गाणे म्हटले. मगरीबनंतर गच्चीवर जायचे, त्याला मांडीवर घ्यायचे, झुलवायचे आणि म्हणायचे. काही विचारायचे नाही. "सांग बरं याचा अर्थ" हे तर मुळीच नाही. तो आधी हाताने माझे तोंड दाबायचा. चौथ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द मी मुद्दाम गिळला आणि थांबले. त्याने तो भरला. यमकाची हीच तर जादू. पुढचा शब्द कोणता येणार हे कानाला आधीच कळते आणि जीभ धावते. त्या दिवशी मी दोन रकात शुक्राना जास्त पढले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मग 'भागणे'. हा शब्द मी बसून शिकवला नाही. तो गल्लीत सायकल दामटून घामाघूम होऊन आला की मी म्हणायची, "भागलास रे बाळा? थक गया?" दोन्ही एकदम. पाणी प्याला की, "तहान भागली?" एकदा त्यानेच विचारले, "दादी, चांद भाग्या के भागला?" म्हणजे पळाला की दमला! मी म्हटले, "तुझ्या भाषेत भाग्या म्हणजे पळाला, बाईंच्या भाषेत भागला म्हणजे दमला. तुला दोन येतात, बाईंना एकच." हे त्याला फार आवडले. मान कशी ताठ झाली म्हणून सांगू! भगिनींनो, एवढे एक वाक्य तुम्ही जरूर वापरा. मूल चुकले असे न सांगता, त्याच्याजवळ एक जास्तीचा शब्द आहे असे सांगा. आणि ते खरेच आहे.

'लपणे'ला तर काहीच कष्ट पडले नाहीत. लपाछपी हा खेळ कोणाला येत नाही? त्या शब्दातच 'लप' आहे आणि आपला 'छुप'ही जवळच बसला आहे. मी दारामागे जायची आणि ओरडायची, "मी लपले!" तो शोधायचा आणि म्हणायचा, "दादी लपली!" मी लपले, दादी लपली, तो लपला, आम्ही लपलो. व्याकरणाचा एक पूर्ण तास पलंगाखाली झाला. (गुडघे दुखतात, पण नातवासाठी दुखले तर तक्रार नाही.)

लिंबोणीपाशी थोडा घोळ झाला. कोणी लिंबोणी म्हणतात, कोणी निंबोणी. हे लिंबाचे झाड. पण आमच्या दारापुढे आहे कडुलिंब, त्याच्या फळाला म्हणतात लिंबोळी किंवा निंबोळी. सूनबाईने त्याला कडुलिंब दाखवून 'ही बघ लिंबोणी' असे सांगून टाकले होते. मग मी शेजारच्या काकूंच्या परसातले लिंबाचे झाड दाखवायला नेले. पान चुरडून नाकाशी धरले. काटा बोटाला टोचवून पाहिला. घरी येऊन लिंबू कापले, सरबत केले, बिया कुंडीत खोचल्या. एका शब्दामागे आंबट, काटा, बी, रस, पिळणे, चोखणे असे सहा-सात शब्द मागून आले, जसे एका पाहुण्याबरोबर सगळे वऱ्हाड यावे. शब्द असाच शिकवावा. चित्राच्या तक्त्यावर बोट ठेवून शिकवलेला शब्द तक्त्यावरच राहतो.

आणि 'चिरेबंदी'! हा शब्द मी चौतीस वर्षे वर्गात गायला आणि एकदाही मुलांना दाखवला नव्हता, हे कबूल करते. कोकणात असताना तर रोज डोळ्यांसमोर होता. जांभ्या दगडाचे घडीव तुकडे, त्यांना तिथे चिरेच म्हणतात. असे चिरे एकावर एक बसवून बांधलेला तो चिरेबंदी वाडा. यातला चिरा आपला मराठी, आणि 'बंदी' फारसीतून आलेली. नाकाबंदी, जमाबंदी, तटबंदी यांतली तीच. म्हणजे ज्या गाण्याला आपण अस्सल मराठी म्हणतो, त्या गाण्यातल्या मामाच्या घराच्या भिंतीत फारसीचा चुना आहे. मराठीत असे शब्द इतके आहेत की माधव जूलियन यांनी १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोशच केला. आपल्या मुलांना मराठी वर्गात परके वाटते तेव्हा मला हा चिरेबंदी वाडा आठवतो.

गल्लीच्या टोकाला एक जुना पडका वाडा आहे. एका रविवारी त्याला तिथे नेले आणि भिंतीवर हात फिरवायला लावला. दगड मोजले. अकरापर्यंत मोजून तो म्हणाला, "दादी, हा मामूचा वाडा?" सूनबाईचा भाऊ पुण्याला दोन खोल्यांत भाड्याने राहतो, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे ते मला सुचले नाही.

शेवटच्या भागात चांदोबाला जेवायला बोलावतात. गावोगावी गाण्याचा हा भाग थोडा बदलतो, पण आमच्याकडे तूप आणि रोटी असते, आणि ऐन वेळी एक माशी घात करते, त्यामुळे पाहुणा बिचारा तसाच राहतो. तूप म्हणजे घी हे ताटातच शिकवले. माशीचा मात्र त्याने मासा केला. एवढ्याशा वाटीत मासा कसा मावला, याची दोन दिवस चौकशी चालली होती. मग मी मक्खी दाखवून "माशी" आणि मंगळवारच्या बाजारात मच्छी दाखवून "मासा" असे दोन्ही समोरासमोर ठेवले. जवळजवळच्या आवाजाचे शब्द असे शेजारी शेजारी ठेवावेत, म्हणजे कान तीक्ष्ण होतो.

'उपाशी' शब्द आला तेव्हा त्याने विचारले, "चांद को रोजा था क्या?" सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. मी सांगितले, रोजा आपण ठरवून ठेवतो आणि मगरीबला खजूर असतो. उपाशी म्हणजे भूक आहे, पण जेवायला मिळाले नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग आपल्या ताटातला रोटीचा तुकडा कठड्यावर ठेवून आला. सकाळी कावळ्याने नेला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

रोटीवरून 'कोर'ही शिकवली. अर्ध्याहून कमी उरलेला तुकडा, कडेने गोल, ती कोर. पाव भाकरी ती चतकोर. वर पाहिले की चंद्राची कोर. आपल्या घरात चंद्राकडे सगळे वर्षभर बघतात, महिन्याची एकोणतीस तारीख आली की लहानथोर गच्चीवर. इतका चंद्र बघणाऱ्या मुलाला चंद्रकोर, चांदणे, पौर्णिमा, अमावास्या हे शब्द शाळेत पहिल्यांदा ऐकू यावेत, हे काही बरोबर नाही.

करवंद अजून बाकी आहे. आमच्या भागात ते उगवत नाही आणि थंडीत कुठेच मिळत नाही. मे महिन्यात घाटावरून टोपल्या येतील तेव्हा आणीन. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ राजापूरच्या मुलांनी मला शिकवला होता. तो त्याला शिकवायचा आहे.

मध्यंतरी एका वाचक भगिनीने फोनवर विचारले की चांदोबा म्हणजे कोणी देव आहे का, मुलांनी म्हणावे का? बाई गं, 'बा' हा मराठीत मानाचा आणि लाडाचा प्रत्यय आहे. आजोबा, लाडोबा, कोल्होबा. कोल्ह्याला कोणी नमस्कार करायला जात नाही. आपणही चंदा मामा म्हणतोच की. जे गाणे तुमच्या मनाला पटत नाही ते सोडून द्या. चिमणी, कावळा, पाऊस, आगगाडी यांची ढीगभर गाणी आहेत. मांजर आपल्याकडे शेराची खाला आहे आणि मराठीत वाघाची मावशी. नातेसुद्धा तेच आहे, बघा. पावसाच्या गाण्यातली 'सर'च घ्या ना. मराठीत ती पावसाची, मोत्यांचीही, उर्दूत सर म्हणजे डोके, आणि शाळेत सर म्हणजे मास्तर. पावसाची सर धावत येते असे गाताना आमच्या एका विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांचे चित्र काढले होते, छत्रीसह.

एक-दोन गोष्टी मात्र आम्ही पाळल्या. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त नवे शब्द नाहीत. पाहुणे आले की "बेटा, गाणं म्हणून दाखव" हे नाही. यांनी एकदा मोहात पडून आपल्या दोस्तांसमोर त्याला उभे केले, तर तो तीन दिवस गच्चीवर आला नाही. आणि मोबाइलवरचे गाणे नाही. मोबाइल गातो, पण मध्येच थांबून तुमच्या तोंडाकडे बघत नाही. मुलाने "मासा" म्हटले तर त्याला कळत नाही. सूनबाईला हे पटायला वेळ लागला, कारण मोबाइल दिला की तिला स्वयंपाक उरकता येतो. तिचेही खरे आहे. म्हणून संध्याकाळचा अर्धा तास माझ्याकडे आणि भाकऱ्या तिच्याकडे अशी वाटणी केली. ज्या घरात दादी-नानी नाही तिथे हा अर्धा तास अब्बांनी द्यावा. अब्बांना गाणे येत नसेल तर शिकावे.

बाईंना भेटायला मी स्वतः गेले. मनात बरेच काही घेऊन गेले होते, पण वर्गात चाळीस मुले आणि त्या एकट्या, हे पाहिल्यावर आवाज आपोआप खाली आला. त्यांना 'भागना'चा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तो मुद्दाम करतोय." तरुण मुलगी आहे, वाईट नाही. मी तिला एका कागदावर पंचवीस-तीस शब्द लिहून दिले. डाव्या बाजूला मुलांच्या घरचा शब्द, उजवीकडे मराठी. वर्गात आपली सात मुले आहेत. तुमच्याही मुलाच्या बालवाडीत असा कागद द्या. भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. तक्रार करायची असेल तर ती नंतरही करता येते.

दोन महिन्यांचे मी म्हटले होते, साडेतीन झाले. वर्गात तो अजूनही कमीच बोलतो. बाई सांगतात, गाण्याच्या वेळी ओठ हलतात, विचारले तर मान हलवतो. मुलगा अधूनमधून इंग्रजी शाळेचा अर्ज टेबलावर ठेवतो आणि मी तो उचलून रद्दीत टाकते. हा वाद अजून मिटलेला नाही.

शाबानच्या एकोणतीसाव्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळी गल्ली गच्च्यांवर होती. पश्चिमेला ढग. हे डोळ्यांवर हात धरून उभे, मुलगा फोनवर सोलापूरची खबर घेतोय, सूनबाई इकडून तिकडे. शेजारच्या काकूही त्यांच्या गच्चीवर आल्या होत्या, दरवर्षी येतात. त्यांनी कठड्यावरून विचारले, "काय रे, दिसला का चंद्र?"

घरातल्यांशिवाय कोणाशी तो मराठीत बोलत नाही, म्हणून उत्तर मीच देणार होते. तेवढ्यात माझ्या कमरेपाशून आवाज आला.

"नाही काकू. लपलाय."

काकू म्हणाल्या, "असं? कुठं लपलाय?"

त्याने काकूंच्या परसाकडे बोट केले.